जे देवरुखात बिल्ड होत नाही, ते मुक्त नाही

स्पष्टच लिहितो, म्हणजे नंतर गैरसमज नकोत. ज्या मुक्तस्रोत लायब्ररीचा कोड एकदा उतरवून घेतल्यावर, नेट बंद करून, साध्या लॅपटॉपवर ती बिल्ड होत नाही आणि तिच्या टेस्ट चालत नाहीत, ती लायब्ररी मुक्त नाही. परवाना एमआयटी असो, अपाचे असो नाहीतर जीपीएल असो. परवाना हक्क देतो. तो हक्क बजावता येतो की नाही हे बिल्ड ठरवतं. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमिनीपर्यंत जायला वाट नाही, या अवस्थेला काय म्हणतात ते कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या कसोटीला मी 'देवरूख कसोटी' म्हणतो. नाव माझंच, कुठल्या पुस्तकात शोधू नका :-)

देवरूखच का? मुंबई-गोवा महामार्गावरून संगमेश्वरला आत वळलं की घाटीतून जाणारा रस्ता देवरुखात येतो. तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखात. गावात आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय आहे. जवळच आंबवला १९९८ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. म्हणजे शिकणारी मुलं आहेत, लॅपटॉप आहेत, डोकी तर आहेतच. नेटसुद्धा आहे. फक्त जून ते सप्टेंबर ते पावसाच्या मर्जीनं असतं. वारा सुटला, कुठेतरी फांदी तारेवर पडली, लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो. नसलेलं नेट परवडलं, जाणारं-येणारं नको. ८० टक्के उतरलेली फाइल पुन्हा शून्यापासून सुरू झाली की माणूस ज्या भाषेत बोलतो ती इथे लिहिता येणार नाही.

आणि हे काही एकट्या देवरूखचं दुखणं नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईतले किती इंजिनिअर गावी जाऊन, रेंजसाठी टेकाडावर खुर्ची टाकून बसले होते ते आठवा. तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं होतं की आपली अवजारं जाड, अखंड नेट गृहीत धरून बनवलेली आहेत. मग ऑफिसं उघडली आणि सगळे विसरले.

आता मुद्द्याचं. उदाहरणादाखल मी वेब पार्सिंग लायब्ररी घेतो, कारण ती सगळ्यांच्या पोटात असते आणि कुणाच्या तोंडात नसते. तुम्ही कुठल्याही साइटवरून काही उचलता, बातम्या गोळा करता, भाषेच्या मॉडेलसाठी मजकूर जमवता, तेव्हा पहिलं काम पार्सरचं. टॅगांनी भरलेल्या पानाचं तो झाड करून देतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही टेबलाची ओळ, हे तिच्यातलं घर.

गंमत अशी की आंतरजालावरची पानं शुद्ध नसतात. कुणी परिच्छेद उघडतो आणि बंदच करत नाही. कुणी ठळक अक्षरांच्या टॅगात परिच्छेद सुरू करतो आणि परिच्छेद संपायच्या आत ठळक बंद करतो. कुणी टेबलात घर न आखता थेट मजकूर ओततो. ब्राउझर हे सगळं निमूटपणे गिळतात. कसं गिळायचं याचे नियम २००४ साली ब्राउझरवाल्यांनी स्थापलेल्या व्हॉटडब्ल्यूजी या गटानं बारकाईनं लिहून काढले. टेबलात घराबाहेर पडलेला मजकूर उचलून टेबलाच्या आधी ठेवायचा, या नियमाचं नाव 'फॉस्टर पेरेंटिंग'. चुकीच्या क्रमानं बंद झालेले टॅग निस्तरायच्या नियमाचं नाव 'अ‍ॅडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम'. थट्टा करत नाहीये, खरंच अशी नावं आहेत. अनाथ टॅगांना दत्तक देणारी संस्था!

हसा, पण यात काय पणाला लागलेलं असतं ते बघा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की सरकारी कार्यालयांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करायची, आंतरजालावरही. ती प्रसिद्ध होते तेव्हा बऱ्याचदा एका लांबलचक टेबलात, अर्धे टॅग न मिटलेल्या पानावर होते. लाभार्थ्यांच्या यादीत एक ओळ घसरली की एकाचं नाव दुसऱ्याच्या रकमेशेजारी जाऊन बसतं. कुणाला पत्ता लागत नाही, कारण पार्सर ओरडत नाही. तो झाड देतो. चुकीचं झाडसुद्धा झाडासारखंच दिसतं.

ब्यूटिफुल सूप तुम्ही वापरलंच असेल. लिओनार्ड रिचर्डसन यांची ही पाइथन लायब्ररी २००४ पासून आहे. ती स्वतः पार्सर नाही. खाली वेगवेगळे पार्सर बसवता येतात. तिच्या माहितीपुस्तिकेतच सरळ दाखवलंय की एकच मोडका तुकडा तीन पार्सरांना दिला तर तीन वेगळी झाडं मिळतात. एक जण भरकटलेला टॅग टाकून देतो, दुसरा भोवती सांगाडा उभा करतो, तिसरा त्या टॅगासाठी रिकामा परिच्छेद तयार करतो. मग खरं कोण?

हे ठरवतात टेस्ट. एचटीएमएल५लिब या प्रकल्पातून निघालेला टेस्टचा एक सामायिक संच आहे. त्यातल्या झाडांच्या टेस्ट साध्या मजकूर फाइलींमध्ये आहेत. वर मोडकं पान, मध्ये अपेक्षित तक्रारी, खाली अपेक्षित झाड, एकेका पातळीला दोन जागा सोडून लिहिलेलं. संपलं. पाइथन, रस्ट, जावास्क्रिप्ट, सी अशा वेगवेगळ्या भाषांतले पार्सर याच फाइलींवर स्वतःला तपासून घेतात. वाचायला नोटपॅड पुरतं. मी तर म्हणतो, ती फाइल हीच खरी लायब्ररी. कोड हे त्या फाइलीला दिलेलं एक उत्तर. उद्या दुसरा कुणी दुसऱ्या भाषेत वेगळं उत्तर लिहील, प्रश्नपत्रिका तीच राहील.

आणि नेमकी इथेच मेख आहे. प्रश्नपत्रिका कोण काढणार? ज्याला बिल्ड करता येतं तो. ज्याला टेस्ट चालवून "हे बघा, इथे मोडतंय" असं दाखवता येतं तो. बिल्ड ज्याच्या दारापर्यंत येत नाही, त्याचा प्रश्न पेपरात येत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी देवरुखात बसून अशीच एक लायब्ररी बिल्ड करायला घेतली. नाव घेत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नाही. अशा पंचवीस दाखवता येतील. कोड स्वतः जेमतेम काही एमबी. पहिली आज्ञा दिली, तर तिनं आधी बिल्डचं अवजार उतरवलं. त्या अवजारानं कंपायलरची ठरावीक आवृत्ती मागितली, घरात एक धडधाकट कंपायलर असताना! मग अवलंबित पॅकेजं, मग त्या पॅकेजांची पॅकेजं. मधे दोनदा नेट गेलं, दोन्ही वेळा श्रीगणेशा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिल्ड झालं. टेस्ट चालवल्या, तर त्यातल्या काही टेस्ट एका चालू वेबसाइटवर जाऊन तिथलं पान उतरवत होत्या! नेट नाही म्हणून टेस्ट नापास. म्हणजे पार्सर बरोबर आहे की नाही हे सांगायच्या ऐवजी ती टेस्ट मला पाऊस पडतोय हे सांगत होती. ते मला खिडकीतून दिसतच होतं.

पार्सरला नेट लागतच कशाला, हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पार्सरचं काम बाइट घ्यायचे आणि झाड द्यायचं. ते बाइट कुठून आले याच्याशी त्याला काय देणंघेणं?

"असंच असतं, आधुनिक सॉफ्टवेअर गुंतागुंतीचं असतं" असं कुणी म्हणेल. म्हणू नका. लिबएक्सएमएल२ बघा. डॅनियल वेलार्ड यांनी ग्नोम प्रकल्पात सुरू केलेली, सी भाषेतली. पाइथनच्या एलएक्सएमएलच्या पोटात हीच आहे. कॉन्फिगर, मेक, मेक चेक. चाचणीच्या फाइली एका फोल्डरात, अपेक्षित निकाल शेजारच्या फोल्डरात, सगळं कोडसोबतच.

गुगलनं २०१३ साली खुला केलेला गम्बो हा पार्सर तर फारच शिकवण्यासारखा. शुद्ध सी, बाहेरचं काहीही लागत नाही. (टेस्ट चालवायला मात्र गुगलचीच टेस्टची चौकट वेगळी उतरवून आणावी लागायची. तेवढा एक गुण कापला.) पुढे गुगलनं त्याकडे लक्ष देणं सोडलं. प्रकल्प तिथेच संपायला हवा होता. पण रूबीवाल्यांनी त्याची प्रत उचलली, दुरुस्त करत नेली, आणि २०२१ मध्ये ती नोकोगिरी या त्यांच्या प्रसिद्ध लायब्ररीत थेट सामील झाली. हे जमलं, कारण कोड कुणाच्या खांद्यावर उभा नव्हता आणि बरोबर काय हे सांगणाऱ्या सामायिक टेस्ट हाताशी होत्या. धनी निघून गेला तरी घर राहतं राहिलं. मुक्त म्हणतात ते याला.

हा माझा गावाकडचा हळवेपणा आहे असं वाटत असेल तर डेबियनचं धोरण वाचा. डेबियनमध्ये पॅकेज बिल्ड होताना नेटवर्कला हात लावायला मनाई आहे. लेखी नियम आहे. जगभरचे असंख्य सर्व्हर ज्या पायावर उभे आहेत त्या लोकांनी देवरूख कसोटी कधीच लावलेली आहे, नाव फक्त वेगळं आहे. त्यांना रेंजची काळजी नाही, विश्वासाची आहे. नेटवरून काल आलेलं आणि आज आलेलं एकच असेल याची हमी काय?

हमी नाहीच. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरचे जावास्क्रिप्ट बिल्ड कोसळले. त्याहून भयंकर प्रकरण मार्च २०२४ चं. एक्सझेड या फाइली दाबायच्या अवजारात मागचं दार बसवलेलं सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्यानं पिच्छा पुरवला. ते दार कुठे लपवलं होतं? टेस्टच्या फाइलींत! चाचणीचे नमुने म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या बायनरी फाइलींत. आणि ते उघडणारी बिल्डची ओळ गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात घुसवलेली होती.

म्हणजे 'सेटअप, बिल्ड, टेस्ट' ही जी तीन कामं आपण हमालीची समजून नव्या पोराच्या गळ्यात मारतो, नेमकी त्याच तीन ठिकाणी चोर शिरला. कारण तिथे कुणी बघत नाही हे त्याला माहीत होतं. वाचता येणारी टेस्ट आणि स्वतः करता येणारा बिल्ड ही चैन नाही, कडी-कोयंडा आहे.

आता आपल्या लिपीकडे येतो. मराठी माणसानं या प्रश्नपत्रिकेत प्रश्न घालायला हवेत म्हणजे नक्की काय? चार ठोस जागा सांगतो.

एक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पार्सर बहुधा ठरावीक मापाचे घास घेतो. समजा ४०९६ बाइट. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. सलग देवनागरी मजकुरात १३६६ व्या चिन्हाचा एक बाइट या घासात आणि दोन पुढच्या घासात. पार्सरनं तो तुटलेला बाइट जपून ठेवला नाही तर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन. इंग्रजी मजकुरावर ही टेस्ट जन्मात नापास होणार नाही, कारण तिथे अक्षर तुटूच शकत नाही.

दोन. पानानं आपली अक्षरसंकेतपद्धती पहिल्या १०२४ बाइटच्या आत सांगावी, असा नियम आहे. पार्सर आधी तेवढंच चाळून बघतो. १०२४ बाइट म्हणजे देवनागरीची साधारण ३४१ चिन्हं. पानाच्या माथ्यावर कुणी खात्याचं नाव, ब्रीदवाक्य आणि लांबलचक मराठी वर्णन आधी लिहिलं की ही घोषणा मर्यादेबाहेर. ब्राउझर मागाहून सावरून घेतात. लायब्ररी सावरते का? नाही सावरली तर ती पश्चिम युरोपची पद्धत धरून चालते आणि तुमच्या 'महाराष्ट्र'च्या जागी, डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची आणि चलनाच्या चिन्हाची रांग लागते. ती रांग आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

तीन, आणि हे खास मराठी. 'आचाऱ्याला' मधला अर्धा र. तो लिहायच्या दोन रीती आहेत: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर'. दोन्ही रीतींचा मजकूर आंतरजालावर भरपूर आहे. आता मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या एखाद्या हुशार फंक्शननं न दिसणारी चिन्हं कचरा म्हणून काढून टाकली की दुसऱ्या रीतीचा 'आचाऱ्याला' थेट 'आचार्याला' होतो. स्वयंपाक्याचा गुरुजी! तसंच डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. इंग्रजीत विचार करणाऱ्याला ते चिन्ह कचराच वाटणार, त्यात त्याचा काय दोष? त्याला सांगणारी टेस्ट आपण लिहायची होती.

चार. आपल्या जुन्या पानांतलं मोडकं टेबल, घराबाहेरच्या मराठी मजकुरासकट. नियम तोच, फक्त नमुना आपला.

या चारही टेस्ट मिळून पन्नास ओळी होत नाहीत. त्या लिहायला हिंजवडीतलं ऑफिस लागत नाही. मराठी वाचता येणारा डोळा लागतो, आणि तो डोळा देवरुखात आहे. आमच्याकडे असं कुणी करत नाही, हेही खरं नाही. २००० च्या दशकात ओंकार जोशी यांनी 'गमभन' बनवलं आणि कितीतरी मराठी संकेतस्थळांवर लोक त्यातूनच मराठी टंकायला शिकले. ते कुठल्या कंपनीच्या आदेशानं झालेलं नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

"पिप इन्स्टॉल केलं की तयार बिल्ड मिळतं, स्वतः कशाला करायचं?" वापरायला मिळतं, बदलायला नाही. खाणावळीचा डबा रोज येतो म्हणून तुम्हाला स्वयंपाक येतो असं होत नाही.

"डॉकर घे ना, एका आज्ञेत सगळं." डॉकर म्हणजे बिल्ड न होणाऱ्या गोष्टीला घातलेलं झाकण. आतला पसारा तोच, वर प्रतिमेचं वजन. ज्याला उतरवणं परवडत नाही त्याला आणखी उतरवायला सांगणं हा उपाय नव्हे.

"क्लाउडवर मशीन घे, तिथे बिल्ड कर." म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर वापरायला महिन्याचं भाडं. शिवाय त्या मशीनपर्यंत पोचायला नेट लागतंच.

"देखभाल करणारे फुकट राबतात, त्यांच्यावर आणखी ओझं कशाला?" हा आक्षेप खरा आहे, आणि मला तो मान्य आहे. लिबएक्सएमएल२ बरीच वर्षं सांभाळणाऱ्या निक वेल्नहोफर यांनी २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलं की सुरक्षेच्या त्रुटी इतर त्रुटींसारख्याच हाताळल्या जातील, गुप्ततेच्या मुदती पाळणार नाही. बड्या कंपन्या ज्यावर धंदा करतात ती लायब्ररी एक माणूस बिनपगारी सांभाळत होता. त्याच वर्षी ते बाजूला झाले. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? हात वाढायला हवेत. आणि हात कुठून येणार, जर बिल्डच्या उंबरठ्यावरच नव्या माणसाचा शनिवार-रविवार संपत असेल? सोपा बिल्ड हे देखभाल करणाऱ्यावरचं ओझं नाही. पुढचा देखभाल करणारा त्याच वाटेनं येतो.

तर देवरूख कसोटीच्या अटी लिहून ठेवतो. कोड एकदा उतरवला की पुढे नेट लागू नये. जे काही अवलंबून आहे ते सोबत द्यावं किंवा नसलं तरी चालावं. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर बिल्ड चहा होईपर्यंत उरकावा. टेस्ट कोडसोबत असाव्यात, मजकुरात असाव्यात, माणसाला वाचता याव्यात. कुठलीही टेस्ट चालू वेबसाइटच्या दारात जाऊ नये. पान हवं तर जतन करून ठेवावं. आणि मधेच लाइट गेली तर परत आल्यावर बिल्ड जिथे होता तिथून पुढे चालावा. यातली एकही अट अशक्य नाही. एकेक अट पाळणाऱ्या लायब्रऱ्या आजही आहेत.

हे वाचणारे तुम्ही बहुतेक पुण्या-मुंबईत, नाहीतर बंगळुरात आहात. नेट जाड आहे, मशीन कंपनीचं आहे. म्हणून हे काम तुमचंच आधी आहे. या शनिवारी तुम्ही रोज वापरता तो पार्सर कोडपासून बिल्ड करा. उतरवून झाला की वायफाय बंद. जिथे अडेल ती जागा लिहून ठेवा आणि प्रकल्पाकडे सभ्य भाषेत कळवा. मग टेस्टच्या फाइलींत देवनागरी कुठे कुठे आहे ते शोधा आणि मोजा. आकडा बघून गप्प बसवणार नाही, याची मला खात्री आहे. मग एक टेस्ट लिहा. एकच. त्या आचाऱ्याचीच लिहा हवं तर, म्हणजे निदान जेवणाची सोय होईल :-)